मैत्रीचा बाक

पाठपरिचय

शरीराला दुखापत होते, तशी मनालाही होते. घर उद्ध्वस्त झाले, जवळचे माणूस गेले, कायमची काळजी मागे लागली, तर माणूस आतून खचतो. अशा माणसाचे बोलणे शांतपणे ऐकून घेणारी आणि त्याला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करणारी व्यक्ती म्हणजे समुपदेशक. आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशात हे काम काही आजीबाईंनी हाती घेतले आणि साऱ्या जगाला एक नवी वाट दाखवली. त्यांच्या कामाची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

---

विद्यार्थी मित्रांनो, दवाखाना म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? औषधांचा वास, लगबगीने फिरणाऱ्या परिचारिका, हातात केसपेपर घेऊन रांगेत उभी असलेली माणसे. पण झिंबाब्वे देशातील काही दवाखान्यांच्या आवारात आणखी एक गोष्ट दिसते. ती म्हणजे झाडाच्या सावलीत ठेवलेला एक साधा लाकडी बाक. त्या बाकावर एक आजी बसलेल्या असतात. त्यांच्याजवळ गोळ्या नसतात, इंजेक्शन नसते. एक वही, एक पेन आणि भरपूर वेळ, एवढेच त्यांचे साहित्य. तरीही त्यांच्याकडे रडत आलेली अनेक माणसे काही आठवड्यांनी हसऱ्या चेहऱ्याने परत जातात.

हे कसे घडते? ही गोष्ट सुरू होते एका दुःखद घटनेपासून.

डॉ. डिक्सन चिबांडा हे झिंबाब्वेतील मानसोपचारतज्ज्ञ. मनाच्या आजारांवर उपचार करणारे डॉक्टर. त्या काळी त्यांच्या देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती आणि साऱ्या देशात मानसोपचारतज्ज्ञ होते जेमतेम दहा-बारा! डॉ. चिबांडा हरारे या राजधानीच्या शहरात काम करत. दूरच्या गावातील एक तरुणी त्यांच्याकडे उपचार घेत होती. एकदा तिची प्रकृती फार बिघडली. तिच्या आईशी फोनवर बोलणे झाले आणि आठवडाभराने तिला तपासणीसाठी आणायचे ठरले. आठवडा गेला. दुसराही गेला. ती आली नाही. तीन आठवड्यांनी तिच्या आईचा फोन आला. मुलीने आपले जीवन संपवले होते.

"तुम्ही तिला घेऊन का आला नाहीत?" डॉक्टरांनी विचारले.

आईने सांगितले, "आमच्याकडे बसच्या भाड्याला पैसे नव्हते."

भाडे होते पंधरा डॉलर. डॉक्टर होते, औषध होते, रुग्णालय होते. पण त्या मुलीच्या घरापासून रुग्णालयापर्यंत पोहोचायला पंधरा डॉलर नव्हते. ही गोष्ट डॉ. चिबांडांच्या मनाला लागली. रुग्णालयात बसून आजारी माणसांची वाट पाहणे पुरेसे नाही, हे त्यांना कळून चुकले. माणूस उपचारापर्यंत येऊ शकत नसेल, तर उपचारानेच त्याच्या दारापर्यंत गेले पाहिजे. पण कसे?

याच सुमारास देशावर आणखी एक संकट आले होते. २००५ साली तेथील सरकारने शहरांतील अनधिकृत घरे व दुकाने पाडण्याची मोठी मोहीम हाती घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ७ लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. थंडीच्या दिवसांत माणसे उघड्यावर आली. त्याआधीच एड्सच्या साथीने घरोघरची कर्ती माणसे नेली होती. अशा मोठ्या धक्क्याला आघात म्हणतात. आघात झालेल्या माणसाला नीट झोप लागत नाही. भीतिदायक स्वप्ने पडतात. क्षुल्लक कारणाने तो दचकतो किंवा चिडतो. कामात लक्ष लागत नाही. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून लोक त्याला आळशी म्हणतात, दुबळा म्हणतात. खरे तर त्याचे मन जखमी झालेले असते.

हरारे शहरात म्बारे नावाची एक जुनी, दाट वस्ती आहे. मोठा बाजार आणि बसस्थानक यांमुळे ती सदैव गजबजलेली असते. तेथील लोकांसाठी काही करावे, असे डॉ. चिबांडांनी ठरवले. ते आरोग्यखात्याच्या लोकांना भेटले. उत्तर मिळाले : दवाखान्यात रिकामी खोली नाही. परिचारिकांना हातातल्या कामातून सवड नाही. हव्या असतील तर १४ आज्या मिळतील. आणि बसायला दवाखान्याबाहेरची मोकळी जागा!

या आज्या म्हणजे नगरपालिकेच्या आरोग्यसेविका होत्या. घरोघर जाऊन स्वच्छता, क्षयरोग, एड्स यांविषयी माहिती सांगणे हे त्यांचे काम. वस्तीतील लोक त्यांना 'अंबुया उतानो', म्हणजे 'आरोग्याच्या आजी', म्हणत. त्यांचे शिक्षण फार झालेले नव्हते. डॉक्टरांना प्रथम शंका वाटली. जे काम शिकायला आपल्याला कितीतरी वर्षे लागली, ते या आज्यांना कसे जमेल? पण दुसरा उपाय नव्हता. म्हणून २००६ साली या १४ आज्यांना बरोबर घेऊन त्यांनी काम सुरू केले.

लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आले, की शिकवणारे आपण एकटेच नाही. आज्यांकडूनही आपल्याला शिकायचे आहे.

पहिला धडा होता शब्दांचा. डॉक्टरांनी बाकाला नाव दिले होते 'मानसिक आरोग्याचा बाक'. त्या बाकावर कोणी फिरकेना! तेथे बसलो तर लोक आपल्याला वेडे ठरवतील, अशी भीती प्रत्येकाला वाटे. आज्यांनी सुचवले, "हे नाव बदला. याला मैत्रीचा बाक म्हणा." नाव बदलले आणि माणसे येऊ लागली. मैत्रिणीजवळ बसायला कोणाला लाज वाटते?

आज्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 'नैराश्य' हा डॉक्टरांच्या पुस्तकातला शब्द लोकांना कळत नाही. पण त्यांच्या शोना भाषेत एक शब्द आहे, 'कुफुंगिसिसा'. त्याचा अर्थ 'अति विचार करणे'. एकच काळजी रात्रंदिवस डोक्यात फिरत राहते, तिला हा शब्द वापरतात. आपल्याकडे म्हणतात ना, डोक्यात विचारांचा भुंगा लागला आहे? अगदी तसेच. मित्रांनो, तुमच्या उर्दूत 'फिक्र' हा शब्द आहे. त्याचा अर्थ विचार असाही होतो आणि चिंता असाही होतो. तोच शब्द मराठीत 'फिकीर' झाला. पाहा, किती दूरदूरच्या भाषा! पण विचार फार वाढला की त्याची चिंता होते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते पाहू.

समजा, एक बाई बाकावर येऊन बसली आहे. तिची नजर खाली आहे.

"काय झालं, बाळा?" आजी विचारतात.

बाई काही बोलत नाही. आजीही गप्प राहतात. त्यांना घाई नसते. थोड्या वेळाने बाई सांगू लागते. नवऱ्याचे काम सुटले आहे. घरभाडे थकले आहे. मुलाची फी भरलेली नाही, म्हणून तो शाळेत जायला लाजतो. रात्र रात्र झोप येत नाही. सांगता सांगता तिला रडू कोसळते. आजी तिला "रडू नकोस" असे म्हणत नाहीत. तिचा हात हातात घेऊन त्या नुसत्या बसून राहतात.

मग आजी वही उघडतात. त्यात १४ प्रश्न आहेत. गेल्या आठवड्यात फार विचार केलात का? झोप लागली नाही, असे झाले का? क्षुल्लक गोष्टीवरून संताप आला का? कामे मागे पडली का? अशा साध्या प्रश्नांना हो किंवा नाही असे उत्तर द्यायचे. त्यांतच एक महत्त्वाचा प्रश्न असतो : जीव द्यावासा वाटला का? त्याचे उत्तर हो आले, तर आजी एकट्याने जबाबदारी घेत नाहीत. त्या लगेच अधिक शिकलेल्या माणसांकडे मदत मागतात. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, याची जाणीव असणे हाही या कामाचा मोठा भाग आहे.

प्रश्न संपल्यावर आजी म्हणतात, "तू सांगितलेल्या गोष्टींपैकी आज सगळ्यांत जड ओझं कोणतं वाटतं?"

"मुलाची फी."

"मग आज तेवढ्याचाच विचार करू. तुला काय करता येईल असं वाटतं?"

"मी काय करणार, आजी? मला काही सुचत नाही."

"सुचेल. मी बसले आहे."

थोड्या वेळाने बाई म्हणते, "मुख्याध्यापकांना भेटून फी हप्त्यांनी भरू का, असं विचारता येईल. पण त्यांच्यासमोर बोलायची भीती वाटते."

"कधी जाशील?"

"सोमवारी सकाळी."

"मग त्यांना काय सांगशील, ते आत्ता मला म्हणून दाखव. आणि पुढच्या आठवड्यात इथंच ये. काम झालं तरी ये, नाही झालं तरी ये."

तुमच्या लक्षात आले का? आजींनी पैसे दिले नाहीत. "असे कर, तसे कर" असा उपदेशही केला नाही. उपाय त्या बाईलाच सापडला. तो सापडेपर्यंत आजी तिच्याजवळ बसून राहिल्या. चारी बाजूंनी संकटे आली की माणसाला सगळीच एकदम दिसतात आणि तो जागच्या जागी थिजतो. त्यांतले एक संकट वेगळे काढले, त्यावर एक छोटासा उपाय करून पाहिला आणि तो साधला, की अंगात बळ येते. मग दुसऱ्या संकटाकडे पाहण्याची हिंमत होते.

या पद्धतीच्या तीन पायऱ्या आहेत. आज्यांनी त्यांना आपल्या भाषेत सुंदर नावे दिली आहेत. पहिली पायरी मन उघडण्याची, दुसरी माणसाला वर उचलण्याची आणि तिसरी त्याला बळकट करण्याची. साधारणपणे सहा भेटी होतात. त्यानंतर त्या व्यक्तीला एका मंडळात नेतात. बाकावरून उठलेल्या बायका तेथे एकत्र जमतात. टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपासून पिशव्या विणतात. विणता विणता एकमेकींशी सुखदुःखाच्या गोष्टी बोलतात. पिशव्या विकून चार पैसेही हाती येतात. आपण एकटे नाही, ही जाणीव होणे हे मनाच्या जखमेवरचे फार मोठे औषध आहे.

या आज्या काही सुखात लोळणाऱ्या नव्हत्या. त्यांतील अनेकींनी स्वतः दुःख भोगले होते. एड्सच्या साथीत अनेक आज्यांची मुले गेली आणि नातवंडे त्यांच्या पदरात आली. दुसऱ्याचे दुःख ऐकून त्यांचेही मन जड होते. म्हणून त्याही एकत्र बसतात, आपले अनुभव एकमेकींना सांगतात, अडचण आली तर जाणकारांना विचारतात. दुसऱ्याचे ओझे उचलणाऱ्यालाही कधी कधी ओझे खाली ठेवायला जागा लागते.

पण केवळ मायेने माणसे बरी होतात, यावर जगाने विश्वास का ठेवावा? डॉ. चिबांडांनी याची शास्त्रीय परीक्षा घ्यायचे ठरवले. हरारे परिसरातील २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांची त्यासाठी निवड झाली. काही दवाखान्यांत नेहमीचे उपचार ठेवले, तर काही दवाखान्यांत मैत्रीचा बाक. सहा महिन्यांनी सर्वांना पुन्हा तपासले. नेहमीच्या उपचारांच्या गटात नैराश्याची लक्षणे शेकडा ५० जणांत उरली होती. बाकावर बसलेल्यांच्या गटात ती शेकडा १४ जणांतच होती. २०१६ साली हे निष्कर्ष अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर हा बाक मलावी, झांझिबार आणि दूरच्या न्यूयॉर्क शहरापर्यंत जाऊन पोहोचला.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. आजींच्या वहीतले ते १४ प्रश्न आठवतात ना? ते तयार करण्यात मुंबईत जन्मलेल्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव डॉ. विक्रम पटेल. १९९३ साली ते झिंबाब्वेत गेले आणि दोन वर्षे तेथे राहून त्यांनी मनाच्या आजारांचा अभ्यास केला. तेथील लोक आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगतात, हे समजून घेऊन ही प्रश्नावली तयार झाली. पुढे भारतात परत आल्यावर १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. या संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना आरोग्यकेंद्रांत नेमले. २०१० साली या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्यकेंद्रांत अशा समुपदेशकांमुळे बरे होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले, असे दिसून आले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला पुढे हे काम करावेसे वाटेल. समुपदेशक होण्यासाठी महाविद्यालयात मानसशास्त्र हा विषय घेऊन पदवी आणि नंतर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचे असेल, तर आधी वैद्यकीय पदवी मिळवावी लागते. शाळा, रुग्णालये, न्यायालये, भूकंप किंवा पुरानंतरची मदतकेंद्रे, अशा अनेक ठिकाणी समुपदेशकांची गरज असते. जो मराठीही जाणतो आणि उर्दूही जाणतो, अशा समुपदेशकाची गरज तर फारच. कारण माणूस आपले दुःख आपल्या भाषेतच मोकळेपणाने सांगू शकतो.

पण त्यासाठी मोठे होईपर्यंत थांबायला नको. वर्गातला एखादा मित्र अचानक गप्प झाला, डबा खाईनासा झाला, परीक्षेच्या निकालानंतर शाळेत येईनासा झाला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तो बोलू लागला तर मध्ये बोलू नका. हसू नका. त्याचे बोलणे चारचौघांत सांगू नका. मात्र एक गोष्ट कधीही मनात ठेवू नका. "मला जगावेसे वाटत नाही," असे कोणी म्हणाले, तर ताबडतोब शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्या माणसांना सांगा. त्याने शपथ घातली असली तरी सांगा. मित्राचा राग परवडतो, मित्र गमावणे परवडत नाही. तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार आले, तर तुम्हीही बोला. ही दुर्बळतेची खूण नाही. आपल्या देशात २०२२ सालापासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला, तर प्रशिक्षित समुपदेशक आपले बोलणे ऐकून घेतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

पंधरा डॉलर नव्हते, म्हणून एक मुलगी डॉक्टरांपर्यंत पोहोचू शकली नाही. तिला ते परत आणू शकले नाहीत. पण नंतरच्या हजारो लोकांसाठी त्यांनी वाट जवळ केली. दवाखान्याच्या दाराशी एक बाक ठेवला आणि त्यावर एका आजींना बसवले. तुमच्या शाळेतही बाक आहेतच. त्यावर तुमच्या शेजारी कोण बसते, ते कसे आहे, हे आज एकदा नीट पाहा.

---

शब्दार्थ

समुपदेशक – मनाच्या अडचणीत बोलणे ऐकून घेऊन मदत करणारी व्यक्ती
खचणे – धीर सुटणे
आघात – मोठा धक्का
सवड – मोकळा वेळ
क्षुल्लक – अगदी लहान, किरकोळ
नैराश्य – मन सतत उदास राहण्याचा आजार
भुंगा लागणे – एकच विचार सतत मनात घोळत राहणे
थिजणे – भीतीने हालचाल बंद होणे
पदरात येणे – सांभाळण्याची जबाबदारी येणे
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले अनुमान

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ती तरुणी तपासणीसाठी का येऊ शकली नाही?
(२) म्बारे वस्तीतील लोक आरोग्यसेविकांना काय म्हणत?
(३) 'कुफुंगिसिसा' या शब्दाचा अर्थ काय?
(४) 'संगत' ही संस्था कोठे सुरू झाली?

प्र. २. रिकाम्या जागी योग्य शब्द भरा.
(१) २००६ साली ........ आज्यांना बरोबर घेऊन काम सुरू झाले.
(२) मंडळातील बायका टाकाऊ ........ पट्ट्यांपासून पिशव्या विणतात.
(३) माणूस आपले दुःख आपल्या ........ मोकळेपणाने सांगू शकतो.

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) "तुम्ही तिला घेऊन का आला नाहीत?"
(२) "हे नाव बदला. याला मैत्रीचा बाक म्हणा."
(३) "सुचेल. मी बसले आहे."

प्र. ४. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) बाकाचे पहिले नाव ऐकून लोक का येत नव्हते?
(२) आजींनी बाईला उपाय न सांगता तो तिलाच का शोधू दिला?
(३) मित्राची कोणती गोष्ट मनात ठेवू नये? का?

भाषाभ्यास

पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आढळतात : फिकीर, हिंमत, मदत, दवाखाना, इलाज, सल्ला. त्यांचे उर्दू उच्चार मोठ्याने म्हणा. प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम

तुमच्या आजीजवळ, आजोबांजवळ किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाजवळ दहा मिनिटे बसा. त्यांच्या आयुष्यातील एका कठीण प्रसंगाविषयी विचारा. ते बोलत असताना मध्ये बोलू नका. त्या संकटात त्यांना कोणाचा आधार मिळाला, ते पाच-सहा ओळींत मराठीत लिहा.